मोजका पेहराव (बेळगाव सीमाभाग)

मोजका पेहराव : घरकाम, नोकरी, प्रवास, सणवार आणि लग्नकार्य या सगळ्यांना पुरतील इतकेच आणि एकमेकांवर जुळतील असेच कपडे बाळगण्याची पद्धत. तरुण मंडळी तिला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या मराठी घरांत जुनी पिढी गरजेपोटी असेच राहत होती. आता काही नोकरदार घरे ठरवून तसे राहू लागली आहेत. मधल्या काळात कपडा स्वस्त झाला आणि कपाटे भरली. इथले कपाट भरते ते मात्र बाजारापेक्षा आहेराने. त्यामुळे कपडे कमी करायचे म्हटले की गाठ दुकानदाराशी नाही, पै-पाहुण्यांशी पडते.

कल्पनेचा उगम. लंडनच्या वेस्ट एंड भागात ‘वॉर्डरोब’ नावाचे दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना लोकांपुढे मांडली. फॅशन बदलली तरी जुने न वाटणारे थोडेच पण चांगले कपडे कायम ठेवावेत आणि हंगामाप्रमाणे त्यांत एखाद्या-दुसऱ्याची भर घालावी, असे तिचे स्वरूप होते. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनर डॉना कॅरन यांनी आलटूनपालटून घालता येतील अशा सात कपड्यांचा संच काढला, तो नोकरी करणाऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून. २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन लेखिकेने तीन महिने ३३ वस्तूंवर काढण्याचा उपक्रम सुरू केला. त्या ३३ मध्ये चपला-बूट आणि दागिनेही धरतात. आतले आणि झोपायचे कपडे धरत नाहीत. हा आकडा सीमाभागात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. इथे मोजणी करावी लागते ती पाऊस आणि लग्नसराई पाहून.

बेळगावला या विषयाचा एक जवळचा इतिहासही आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई इथे महात्मा गांधींनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसायचे ठरवले. तीन वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, ते काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षपदी बसले ते बेळगावात. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. काँग्रेसच्या सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, ही अट याच अधिवेशनात मान्य झाली. अधिवेशनाची धुरा वाहणारे गंगाधरराव देशपांडे यांनी पुढे बेळगावजवळच्या हुदलीत खादीचे काम उभे केले आणि १९३७ मध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले. आपला कपडा आपण कातलेल्या सुताचा असावा, म्हणजे तो आपोआप मोजकाच राहतो, हा विचार या जिल्ह्याच्या मातीत असा रुजलेला आहे. तरी खादीतला त्याग आणि आजचा मोजका पेहराव एका तागडीत घालू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आजच्या पद्धतीत हौस शिल्लक राहते, आणि ती राहायलाच हवी. चांगली साडी नेसण्याची इच्छा मारून कुणाचे कपाट फार दिवस हलके राहत नाही.

पाऊस आणि वाळवण. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबी भागात पाऊस जून ते सप्टेंबर झोडपून काढतो. पूर्वेला अथणी पर्जन्यछायेत कोरडी राहते. एकाच जिल्ह्यातल्या या दोन टोकांना कपड्यांचे गणित निराळे आहे. ‘एक अंगावर, एक दांडीवर’ हा हिशेब अथणीला बारमाही चालतो. खानापुराकडे आषाढ-श्रावणात तो मोडतो. तिथे सुती सदरा घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस ओलसर राहतो, त्याला कुबट वास धरतो, आणि अंगावर एक असेल तर दांडीवर दोन लागतात. जीन्सचे तर विचारूच नये : पाय वाळले तरी कमरेची पट्टी आणि खिशाच्या शिवणी ओल्याच. मोजक्या कपड्यांवर राहणारे म्हणूनच मिरग लागला की जीन्स ट्रंकेत टाकतात आणि टेरिकॉटची पँट किंवा पातळ कापडाचा कुर्ता बाहेर काढतात. किती जोड हवेत हे ठरवताना कुठल्याही यादीपेक्षा आपल्या घरातली दोरी किती वेळात रिकामी होते हे पाहणे जास्त खरे.

पावसाळ्यातच इथल्या सर्वांत बहुगुणी वस्त्राचे, घोंगडीचे, मोल कळते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ही काळी, खरबरीत घोंगडी धनगरांच्या खांद्यावर आणि भातरोपांच्या लावणीत शेतकऱ्याच्या डोक्यावर दिसते. एका बाजूचे दोन कोपरे जुळवून खोळ केली की ती डोके आणि पाठ झाकते. पाऊस वरून निथळतो, आणि भिजली तरी लोकरीची ऊब जात नाही. रात्री तीच अंथरायला, थंडीत पांघरायला, पाहुणा आला तर बसायला. खांद्यावरच्या टॉवेलचेही तसेच. घाम पुसणे, उन्हात मुंडासे बांधणे, बाजारातून भाजी बांधून आणणे आणि एसटीत जागा धरणे, सगळे त्याच्यावर भागते.

आहेर. सीमाभागातल्या सोयरिकी कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, गोवा, धारवाड अशा चारी दिशांना पसरलेल्या आहेत. एका लग्नात मानाच्या साड्या, शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोपी यांची देवघेव होते. बारशाला, डोहाळजेवणाला, वास्तुशांतीला पुन्हा तेच. ओटी भरताना खण किंवा ब्लाउजपीस ठरलेला. कुणी काय दिले हे वहीत उतरवून ठेवतात, कारण ते त्याच तोलाने परत करायचे असते. परिणामी, वर्षाला स्वतः एकच साडी विकत घेणाऱ्या बाईच्या कपाटातही साड्यांची थप्पी चढत जाते, आणि त्यांतली एकही तिने निवडलेली नसते.

ही साडी टाकून देता येत नाही. नणंदेने दिलेली साडी नणंदेच्या घरच्या कार्याला एकदा नेसून जावी लागते. घडी मोडलेली तिला दिसली पाहिजे. जुन्या जाणत्या बायकांनी यावर एक व्यवहारी तोड काढलेली आहे, आणि मोजक्या पेहरावाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. कपाटात दोन वेगळे कप्पे : एक नेसायचा, एक द्यायचा. आलेली साडी मनात भरली तर पहिल्या कप्प्यात, नाहीतर घडी न मोडता दुसऱ्यात. दुसऱ्या कप्प्यातल्या प्रत्येक साडीत दिल्या घरचे नाव लिहिलेली चिठ्ठी घालतात, म्हणजे ज्यांची त्यांनाच परत जायची आफत येत नाही. दुसरा कप्पा आपला नाही, तो नात्यांचा. कपडे मोजताना तो धरायचाच नाही. बऱ्याच जणींचा गोंधळ होतो तो इथेच. त्या दोन्ही कप्पे एकत्र मोजतात आणि आकडा पाहून हाय खातात.

अलीकडे लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ छापून येते. तिचा उपयोग मित्रमंडळींपुरता होतो. मामा, आत्या, सख्खे व्याही यांना ती लागू आहे असे कुणीच मानत नाही. काही घरांतल्या बहिणी-बहिणी आपसांत ठरवतात : दर लग्नाला प्रत्येकीने एक-एक साडी आणण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच, तीही जिला हवी तिला विचारून. हा तोडगा सर्वांत टिकाऊ दिसतो. ब्लाउजपिसांचा ढीग मात्र कोणत्याही ठरावाने अडत नाही. त्यांतले सुती तुकडे परकराला, तान्ह्या बाळाच्या झबल्या-टोपऱ्यांना, उशीच्या अभ्र्यांना लावतात; सिंथेटिक तुकडे पुढच्या ओटीत फिरत राहतात.

जुळणी. कपडे थोडे असले तरी पेहराव अनेक होतात, ते जुळणीमुळे. खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करणारी शिक्षिका उदाहरणादाखल घेऊ. चार कुर्ते, तीन सलवारी आणि दोन ओढण्या असतील, आणि प्रत्येक ओढणी प्रत्येक कुर्त्यावर चालत असेल, तर २४ प्रकारे पेहराव होतो. शाळेचा एक महिना पुनरावृत्ती न होता निघतो. अट एकच : एकमेकांवर चालले पाहिजे. बाजारात मिळणारा तीन कापडांचा ड्रेस मटेरियलचा संच ही अट मोडतो. तो संच म्हणून विकत घेतला जातो आणि संच म्हणूनच बाद होतो; सलवार विरली की धड असलेला कुर्ताही पडून राहतो, कारण त्याची नक्षी दुसऱ्या कशावर जात नाही. त्यापेक्षा ठाणातून अडीच मीटर एकरंगी कापड फाडून घ्यावे आणि ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यावे. शिंप्याला शिवणीत दोन्ही बाजूंनी इंचभर माया ठेवायला सांगितले तर तोच कुर्ता अंग भरल्यावरही उसवून सैल करता येतो. तयार कपड्यात ही माया सहसा नसते, आणि तो टिकत असूनही बाद होतो त्याचे हे मोठे कारण आहे.

साड्यांत हे काम इरकल फार सुरेख करते. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची ही साडी सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाते. अंग सुती किंवा सूत-रेशमाचे, पदर रेशमाचा, आणि दोन्हींचे ताणे मागावरच फासे अडकवून जोडलेले. अंगाचा रंग गडद आणि चौकटी बारीक, म्हणून त्यावर जवळजवळ कुठलाही खण शोभतो. गुळेदगुड्डच्या खणाच्या तीन चोळ्या आणि सहा इरकली म्हणजे अठरा जोड्या. मळत नाही, दोन पावसाळे सहज काढते आणि काठापदराची असल्याने हळदीकुंकवालाही चालते. शहापूर, वडगाव, खासबाग या बेळगावच्याच विणकर वस्त्यांतला मालही रोजच्या वापराला चांगला. तिथे आता बहुतेक माग विजेवर चालतात. ठेवणीतली म्हणून एक पैठणी किंवा कांजीवरम असावी. एकच, कारण लग्नाला येणाऱ्यांनी तुमची साडी मागच्या लग्नात पाहिली होती याचे कुणाला काही वाटत नाही, हे दोन लग्ने काढली की कळते.

रंगांच्या बाबतीत इथल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एरवी शुभकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग सीमाभागात वर्षातून दोनदा हमखास लागतो : संक्रांतीला, आणि १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या निषेधार्थ मराठी भाषक त्या दिवशी काळे कपडे घालून किंवा काळी फीत लावून निघतात. काळा सदरा वा काळी साडी एक असली की दोन्ही भागते. दुसरी गोष्ट पांढऱ्याची. आषाढी वारीला जाणाऱ्याच्या बोचक्यात पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड असतात आणि ते पुरतात. तोच सदरा सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत घालून गेले तर भंडाऱ्याने पिवळा होतो, आणि घरी येऊन साबण लावताच डाग लालसर पडतो. घाबरून घासू नये. हळदीचा रंग उन्हात उडतो; धुऊन ओलाच कडक उन्हात दोन-तीन दिवस टाकला की सदरा पुष्कळसा पूर्ववत होतो. जत्रेसाठी वेगळा कपडा बाळगण्याची गरज यामुळे उरत नाही.

पायांत दोन जोड पुरतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत बेळगाव आहे. अथणीची चप्पल प्रसिद्धच आहे. सदऱ्यापासून पैठणीपर्यंत सगळ्यांखाली ती शोभते, पण भिजली की चामडे फुगते आणि वास धरते. पावसाळ्यात तिला तेल लावून कागदात गुंडाळून ठेवतात आणि रबरी चप्पल वापरतात.

जुन्या कपड्यांची वाट. विरलेले लुगडे पूर्वी मधोमध फाडून, चांगले भाग दंड घालून जोडत आणि पुन्हा नेसत. तेही विरले की वाकळीत जाई : जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक पसरून, कडेपासून आत आत धावदोरा घालत शिवलेले हे पांघरूण कानडी शेजारघरांत कौदी म्हणून ओळखले जाते आणि शिवणाऱ्या बायका दोन्ही भाषांत गप्पा मारत एकाच वाकळीवर बसतात. दारावर येणाऱ्या भांडीवालीला जुने कपडे देऊन पातेले-डबा घेण्याची रीत अजून चालू आहे. भांडीवाली सिंथेटिक साडी आनंदाने नेते. वाकळीला मात्र सुतीच लागते, कारण सिंथेटिक थर शिवताना सरकतात आणि घाम शोषत नाहीत. म्हणून कपाट आवरताना जाणत्या बायका सुती कपडा आधी बाजूला काढतात आणि भांडीवालीपुढे उरलेल्याचेच गाठोडे सोडतात.