गिझरचा नॉब खाली केलाय? मग विसणही कमी घाला

(आमच्या कोल्हापुरातल्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक. न्हाणीघराच्या दाराआड चिकटवून ठेवा.)

डिसेंबरात सकाळी साडेसहाला फोन येतो. "ओ, तुम्ही बसवलेला गिझर गेला बघा. पाणी कोमट येतंय. कॉइल उडाली वाटतं." आमचा पोरगा शाहूपुरीतनं गाडी काढतो आणि थंडीत कुडकुडत फुलेवाडीला पोचतो. गिझर चालू करून दिवा जाईपर्यंत थांबतो. मग थंड नळ बंद ठेवून नुसता गरम नळ सोडतो. तांब्यातनं वाफा निघतात. घरातले एकमेकांकडं बघतात आणि आतल्या खोलीतनं आवाज येतो, "अगं, मे महिन्यात बिल जास्त आलं म्हणून मीच नव्हता का नॉब खाली केला?"

गिझरला काही झालेलं नसतं. तापमान लावायचा नॉब खाली गेला, पण हाताची सवय तीच राहिली. पूर्वी थंड नळ जेवढा सोडायचे तेवढाच आजही सोडतात. गरम-थंड एकत्र सोडणारा मिक्सर नळ असेल तर त्याची दांडी वर्षानुवर्षं मधोमध असते, ती तिथंच राहते. कमी गरम पाण्यात जुन्याच मापानं विसण पडलं की बादली कोमट होणारच. थंडीच्या दिवसांत असे फोन आठवड्याला दोन-तीन तरी येतात आणि प्रत्येक वेळी व्हिजिट चार्जवरून दारात पाच मिनिटं घासाघीस होते. ती टाळावी म्हणून हा कागद छापला.

नॉब खाली करणं चूक नाही. आम्हीच तसं सांगतो. फक्त त्यानं नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण याबद्दल बरंच उलटसुलट ऐकायला मिळतं.

आधी हिशोब. एक युनिट विजेत साधारण ८६० लिटर पाणी एक अंशानं तापतं. म्हणजे लिटर गुणिले किती अंश वाढवायचं, भागिले ८६०, की युनिट निघालं. थंडीत टाकीचं पाणी २२ अंश धरू. अंगावर घ्यायचं पाणी ४० अंशांचं, बादली २० लिटरची. वीस गुणिले अठरा, भागिले ८६०, म्हणजे एका बादलीला ०.४२ युनिट. आता गिझर ६५ वर ठेवा नाहीतर ५२ वर, त्या बादलीला लागणारी वीज तेवढीच. ६५ चं पाणी घेतलंत तर ८.४ लिटर पुरतं आणि वर ११.६ लिटर विसण. ५२ चं घेतलंत तर गरम १२ लिटर आणि विसण ८. अंगावर जी ऊब येते ती दोन्हीकडं सारखीच.

मग बचत कुठं होते? जे गरम पाणी वापरलंच जात नाही, त्यात. शेवटचा माणूस आंघोळ करून बाहेर येतो, गिझरचं बटण चालूच असतं, टाकीत थंड पाणी भरतं आणि गिझर इमानदारीत ते पुन्हा तापवतो. २५ लिटरचा गिझर ६५ वर असेल तर सव्वा युनिट. ते पाणी दुपारपर्यंत कुणी हात न लावता निवतं. ५२ वर असेल तर हीच चूक ०.८७ युनिटला पडते. दुसरं, टाकीच्या अंगातनं सतत थोडी ऊब बाहेर जात असते आणि ती पाणी आणि न्हाणीघरातली हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात जाते. फरक ४३ अंशांवरून ३० वर आणलात की ती गळती जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होते. गिझरवरच्या स्टारच्या लेबलवर २४ तासांचा 'स्टँडिंग लॉस' लिहिलेला असतो, तो हाच. नवा गिझर घेताना रंग नंतर बघा, आधी हा आकडा बघा. आम्ही दुकानात दोन-तीन मॉडेलची लेबलं शेजारी ठेवून दाखवतो.

थोडक्यात, गिझर चोवीस तास चालू ठेवणाऱ्याला नॉब खाली केल्याचा फायदा चांगला जाणवेल. वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्याला बिलात फारसा फरक दिसणार नाही. तरी त्यानंही खाली ठेवावा असं आम्ही सांगतो, पण ते दुसऱ्या कारणासाठी. ते कारण म्हणजे क्षार.

महापालिकेच्या नळाच्या पाण्याची फार तक्रार नाही. पण उपनगरात, पाचगाव-उचगावकडं, जिथं बोअरचं पाणी वरच्या टाकीत चढवतात, तिथं विषयच हार्ड. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार कॉइलवर लवकर बसतो. आम्ही खोललेल्या काही कॉइल दुकानात टांगून ठेवल्या आहेत. पांढरा खडबडीत थर, मक्याच्या कणसाएवढा जाड, आणि आत बोटाएवढी कॉइल. थरातनं ऊब पाण्यात नीट उतरत नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि एक दिवस फुटते. तेव्हा मात्र पाणी खरंच थंड येतं आणि तेव्हा आम्हाला जरूर बोलवा.

नॉब खाली केल्यावर एक गोष्ट कमी पडते, ती आधीच सांगून ठेवतो. वरच्याच हिशोबानं २५ लिटरच्या गिझरमधून ६५ वर जवळपास तीन बादल्या निघतात, ५२ वर दोनच. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण आत येणारं थंड पाणी मिसळत राहतं. घरात चार माणसं, सगळ्यांना साडेसातच्या आत बाहेर पडायचंय आणि त्यात एकजण तालमीतनं घामाघूम होऊन येणारा असेल, तर मधे दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागेल. पूर्वी बंबात जळण सारायला लागायचं, त्यापेक्षा हे थांबणं सोपं. पण थांबायचं नसेल तर नॉब वर ठेवा आणि शेवटचा माणूस न्हाणीघरात शिरतानाच बटण बंद करा. त्याच्यापुरतं पाणी टाकीत असतंच. खरं सांगायचं तर नॉबपेक्षा या एका सवयीनं जास्त वाचतं. विसरायची सवय असेल त्यांच्यासाठी १६ अँपिअरचा टायमर स्विच मिळतो, आम्हीही बसवून देतो.

आता नॉब किती खाली, हा मुद्दा. 'जितका कमी तितकं चांगलं' असं समजून काहीजण थेट ४० वर आणतात. ते करू नका. लेजिओनेला नावाचे जंतू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं, तिथं यानं न्यूमोनियाची साथ आली, त्यावरूनच हे नाव पडलं. ते पाणी पिऊन सहसा लागण होत नाही, शॉवरचा बारीक फवारा श्वासातनं आत गेला तर होते. बादली-तांब्यानं आंघोळ करणाऱ्याला धोका कमी, शॉवरवाल्याला जास्त. ५० च्या वर हे जंतू वाढत नाहीत, ६० ला काही मिनिटांत बहुतेक मरतात. म्हणूनच साठवायचं गरम पाणी ६० अंशांवर ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

धडधाकट घरात, रोज पूर्ण टाकी वापरली जात असेल तर आम्ही ५५ वर लावून देतो आणि आठवड्यातून एकदा नॉब वर करून टाकी तासभर ६० च्या वर ठेवायला सांगतो. रविवारी डोक्यावरून आंघोळीचा दिवस असतो, तेव्हाच ते करून टाका. घरात फार वयस्कर माणूस असेल, दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, केमोथेरपी चालू असेल, किडनी बदललेली असेल, तर नॉब खाली करूच नका. ६० वर राहू द्या आणि विसण घाला. तिथं युनिटचा विचार नको. आठ-पंधरा दिवस गावाला जाऊन आलात तर पहिल्यांदा टाकी पूर्ण तापवा, मग शॉवरमधून ते पाणी न्हाणीघराच्या बाहेर उभं राहून वाहू द्या आणि त्यानंतरच आंघोळ करा.

दुसरी बाजू भाजण्याची. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजतं. ५० ला तेवढंच भाजायला काही मिनिटं लागतात. लहान पोरांची कातडी पातळ असते, त्यांना याहून लवकर भाजतं. म्हणून घरात रांगतं पोर असेल तर बादलीत नेहमी विसण आधी सोडा, गरम नंतर. आपल्याकडं बहुतेक घरांत नेमकं उलटं करतात. गरम भरून ठेवतात आणि थंड सोडायच्या आधी पोर बादलीशी पोचलेलं असतं.

नॉब फिरवायची पद्धत. काही गिझरला नॉब बाहेर असतो, तो बिनधास्त फिरवा. बऱ्याच गिझरला तो खालच्या झाकणाआड, तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटवर छोट्या चकतीच्या रूपात असतो. तिथं हात घालायचा असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत वायरिंग उलटं असतं, बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज, म्हणजे करंटची वायर, तशीच आत राहते. एमसीबी, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीतला खटका, पाडा आणि मगच झाकण खोला. वॉरंटी चालू असेल तर झाकण खोलूच नका, कार्ड वाचा. ती चकती प्लास्टिकची असते, स्क्रू ड्रायव्हरनं जोर लावला की तुटते आणि मग दोन रुपयांच्या चकतीपायी अख्खा थर्मोस्टॅट बदलावा लागतो. सर्व्हिसिंगला आलो की आम्ही हवं ते तापमान लावून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

नॉबवर अंश लिहिलेले नसले तर मोजायचं असं. गिझर लावा, दिवा आपोआप जाऊ द्या. मिक्सरची दांडी पूर्ण गरम बाजूला न्या किंवा गरम नळ एकटा सोडा. पाइपमधलं थंड पाणी जाऊ द्या, साधारण अर्धा तांब्या. मग स्टीलच्या तांब्यात भरून थर्मामीटर बुडवा. तापाचा थर्मामीटर नको, तो ४२ च्या पुढं जात नाही. शंभर अंशांपर्यंतचा स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेतला घ्या. आमच्याकडंही आहे, दोन दिवसांसाठी घेऊन जा, पण परत आणून द्या.

तांब्यातलं पाणी नॉबवर लावलंय त्याच्या आसपास, म्हणजे पन्नाशीच्या वर असेल, तर गिझर ठणठणीत आहे, विसण कमी करा. ही एवढी परीक्षा करून मगच आम्हाला फोन करा. पाणी नुसतंच कोमट असेल, दिवा लागतच नसेल किंवा तासभर झाला तरी जात नसेल, तर आम्ही येतो.

व्हिजिट चार्जबद्दल एकदाच बोलून घेतो. काम निघालं तर तो मजुरीत वळता होतो. काम निघालं नाही तर घ्यावा लागतो, कारण पेट्रोल आणि पोराचा तास दोन्ही गेलेले असतात आणि त्याच वेळी ज्याची कॉइल खरंच गेलीय तो मंगळवार पेठेत थंड पाण्यानं आंघोळ करत असतो.

आणखी दोन गोष्टी आम्ही करत नाही, कितीही आग्रह केलात तरी. थर्मोस्टॅट खराब झाल्यावर 'तात्पुरतं डायरेक्ट करून द्या' म्हणतात, म्हणजे थर्मोस्टॅट वगळून वीज सरळ कॉइलला द्या. मग पाणी उकळीपर्यंत जाण्यापासून अडवायला जादा तापल्यावर वीज तोडणारा कट-आउट तेवढा एकटा उरतो, तोही अडकला तर टाकी म्हणजे बॉम्बच. दुसरं, सेफ्टी व्हॉल्व्हमधून टिपकणारं पाणी बंद करणं. पाणी तापताना फुगतं. २५ लिटर पाणी २५ वरून ६० वर गेलं की सुमारे ३५० मिली जास्त होतं, चहाचे तीन-चार कप. ते तिथूनच बाहेर पडायला हवं. एका घरी त्याला बुच मारून वर एमसील लावलेलं सापडलं, आणि सांगणारे आम्हालाच सांगत होते की बघा, गळती आम्ही स्वतः काढली. तापताना थेंब थेंब पडलं तर खाली डबा ठेवा. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र फोन करा.

गच्चीवर सोलर असलेल्यांनी पावसाळ्यातच बॅकअपच्या कॉइलकडं लक्ष द्यावं. आपल्याकडचा पाऊस धरला की आठवडाभर ऊन दिसत नाही आणि टाकीतलं पाणी नेमकं त्या जंतूंच्या आवडीच्या तापमानाला राहतं.

वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या. त्यात कॉइलवरचा क्षार काढतो, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का बघतो, व्हॉल्व्ह आणि अर्थिंग तपासतो आणि निघताना तांब्यात थर्मामीटर घालून आकडा तुमच्या समोर वाचून दाखवतो. बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांनी केलेलं बरं. वसुबारसेपासून आमचा फोन लागत नाही, पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री तर अजिबात नाही. नवरात्रात सांगून ठेवलंत तर तारीख हमखास मिळते.