इसबगोल आणि त्याला लागणारे पाणी

फोंडा, म्हापसा किंवा मडगाव येथील कोणत्याही फार्मसीत इसबगोलाचा खोका डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो, आणि घेणाऱ्याच्या मनात बहुधा अशी समजूत असते की हे औषध नव्हेच, हा नुसता चोथा, म्हणजे अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, आहे, त्यामुळे त्याने अपाय होण्याचा प्रश्न येत नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. इसबगोल पोटाला मानवते ते त्यासोबत घेतलेल्या पाण्यामुळे, आणि या पदार्थाचा प्रवास मागे जाऊन पाहिला तर गंभीर अपाय प्रामुख्याने तेव्हाच घडलेले दिसतात, जेव्हा त्याची आणि पाण्याची सोबत सुटली.

इसबगोल हे नाव फारसीतून आले. ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘घोल’ म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव पडले. ग्रीकांना तेच बी पिसवेसारखे वाटले आणि त्यांच्या ‘प्सिला’ या शब्दावरून युरोपात ‘सिलियम’ हे नाव रूढ झाले. युनानी वैद्यकाबरोबर ते भारतात स्थिरावले. आज बद्धकोष्ठावरचा उपाय म्हणून ओळखले जाणारे हे बी पूर्वी आव आणि जुनाट अतिसार यांवरही तितक्याच विश्वासाने दिले जाई, आणि १८६८ साली निघालेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ या औषधसंहितेत त्याचा समावेश झाला, तो भारतात काम करणाऱ्या युरोपीय डॉक्टरांना अशाच रुग्णांमध्ये त्याचा गुण दिसला होता म्हणून. परस्परविरुद्ध वाटणाऱ्या दोन तक्रारींवर एकच बी कसे चालते, हे कोडे त्याच्या सालीत सुटते. ही साल स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून बुळबुळीत लगदा बनते. आतड्यात मळ कोरडा असेल तर हा लगदा त्याला ओलावा देतो आणि मळ पातळ असेल तर जास्तीचे पाणी स्वतःकडे ओढून घेतो. बी भिजवून, फुगल्यावर पोटात घेणे ही जुनी रीत होती, आणि त्या रीतीत सुरक्षिततेची अट आपोआप पाळली जात असे.

गोव्याच्या संदर्भात एक जुनी नोंद येथे आठवते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात हिरड्यासारखी फळे, निशोत्तर, रेवाचिनी, चिंच अशा द्रव्यांची चर्चा आहे, आणि त्या काळच्या वैद्यकात कोठा साफ करणे म्हणजे मुख्यतः रेच देणे होते. आतड्याला ढोसून मळ बाहेर काढणारा रेच आणि मळाचा आकार व ओलावा वाढवून आतड्याला त्याचे काम करू देणारा चोथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आजही अनेक घरांत लक्षात घेतला जात नाही, आणि त्याचे परिणाम पुढे सांगितले आहेत.

विसाव्या शतकात इसबगोलाचे रूप बदलले. उत्तर गुजरातमधील उंझा आणि सिद्धपूर हा भाग बियांची साल वेगळी करून विकण्याचे मोठे केंद्र झाला. अमेरिकेत १९३४ साली ‘मेटाम्युसिल’ ही सिलियमची पूड बाजारात आली. बियांच्या जागी साल आली, सालीच्या जागी बारीक पूड, आणि नंतर दाणेदार मिश्रणे, गोळ्या व कॅप्सूल. प्रत्येक पायरीवर वस्तू घ्यायला सोपी होत गेली, पण आधी भिजवण्याची गरज मात्र नजरेआड झाली.

‘चोथा’ या कल्पनेला आजची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे मोठे श्रेय डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाला जाते. युगांडातील कंपाला येथे काम करताना त्यांनी आधी मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका कर्करोगाचा अभ्यास केला आणि नंतर त्यांचे लक्ष आहाराकडे वळले. त्यांच्या आधी पीटर क्लीव्ह या ब्रिटिश नौदलातील डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धनौकेवरील खलाशांच्या बद्धकोष्ठावर गव्हाचा कोंडा वापरला होता. १९७२ साली बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या मोजणीत युगांडातील खेडुतांच्या रोजच्या मळाचे वजन ४०० ग्रॅमहून अधिक, तर ब्रिटिश खलाशांचे जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास होते, आणि अन्न शरीरातून बाहेर पडायला खलाशांच्या बाबतीत दुपटीहून अधिक वेळ लागत होता. यावरून त्यांनी आतड्याच्या अनेक रोगांचा संबंध चोथ्याच्या अभावाशी जोडला. ही मांडणी प्रभावी होती, पण खेडुतांच्या ताटात पूर्ण अन्न होते, डब्यातली पूड नव्हती. कोंडा व पूडींचा खप वाढू लागला तेव्हा हा मुद्दा मागे पडला, असे मला वाटते.

पुढील संशोधनाने उत्साहाला मर्यादा घातल्या. १९९४ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी आतड्याच्या संवेदनशीलतेच्या विकाराच्या, म्हणजे आयबीएसच्या, रुग्णांत गव्हाच्या कोंड्याने अनेकांचा त्रास वाढतो असे दाखवून दिले. २००९ साली नेदरलँड्समध्ये अशाच २७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज १० ग्रॅम सिलियम घेणाऱ्यांना आराम पडला, कोंड्याचा तसा लाभ दिसला नाही आणि कोंडा घेणाऱ्या अनेकांनी त्रासामुळे चाचणी अर्ध्यावर सोडली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीचा निष्कर्ष तर अनपेक्षित होता: मोठ्या आतड्यातील गाठी काढलेल्या रुग्णांना रोज ३.५ ग्रॅम इसबगोल तीन वर्षे दिल्यावर गाठी कमी न होता अधिक जणांत पुन्हा उद्भवल्या. इसबगोलाने कर्करोग होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र ताटातल्या चोथ्याचे सर्व गुण डब्यातल्या चोथ्यालाही लागू होतात हे गृहीत धरता येत नाही, एवढे यातून नक्की कळते.

अपायाची नोंदही याच काळात झाली. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत वजन घटवण्यासाठी गवारीच्या डिंकाच्या गोळ्या विकल्या जात होत्या. त्या अन्ननलिकेतच फुगून अडकल्याच्या घटना घडल्या. १९९३ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने पाणी शोषून फुगणाऱ्या अशा औषधांच्या वेष्टनावर, पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास घसा अडू शकतो, असा इशारा बंधनकारक केला, आणि २००७ साली सिलियमची दाणेदार रेचके सुरक्षित मानल्या जाणाऱ्या यादीतून काढून टाकली. जुन्या घरांतील भिजवण्याची रीत जे काम मुकाट्याने करीत होती, ते आता छापील इशाऱ्यावर सोपवावे लागले.

गोव्यातल्या जेवणात चोथा मुळात होताच. कमी पॉलिश केलेला उकडा तांदूळ आणि त्याची पेज, अळसांदे, कुळीथ, तांबडी भाजी, नाचण्याचे तिजण, शिवाय पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंडा लावलेली पोई, असे ताट असलेल्या घरात पूरकाची गरज कमी भासते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सुचवते, तो अन्नातून. ताटात पांढरा सुरय तांदूळ, मैद्याचा पाव आणि मासळी एवढेच उरले की तो आकडा गाठणे कठीण होते आणि मग खोक्याकडे हात जातो. तो जाऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण योग्य रुग्णाला इसबगोलाने खरोखर आराम पडतो.

योग्य रीत मात्र पाळली पाहिजे. सुरुवात थोड्या प्रमाणाने करून आठ-पंधरा दिवसांत हळूहळू ते वाढवावे, म्हणजे वात आणि पोटफुगी कमी राहते. प्रत्येक वेळी साल पेलाभर, सुमारे २४० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडी साल चमच्याने तोंडात टाकू नये. झोपण्याच्या अगदी आधी अर्धा पेला दुधातून घेण्याची आपल्याकडची सवय सोडलेली बरी, कारण त्यात द्रव अपुरा पडतो आणि लगेच आडवे झाल्यावर अडकण्याचा धोका वाढतो. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी मात्रा दुप्पट करू नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे; थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे, आणि मधुमेहींनी रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे.

ज्यांना गिळायला त्रास होतो, ज्यांचे आतडे कोठे अरुंद झाले आहे किंवा ज्यांच्या पोटात मळ घट्ट बसला आहे, त्यांनी हे घेऊच नये. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांचे पाणी डॉक्टरांनी मोजून दिले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि अफूजन्य वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठावर तर चोथ्याने अडथळा वाढू शकतो. मळात रक्त, कारणाशिवाय घटलेले वजन किंवा उतारवयात अचानक बदललेली शौचाची सवय दिसली तर आधी तपासणी झाली पाहिजे. इसबगोलाने तात्पुरता आराम पडून निदान लांबले, तर नुकसान मोठे होते.

शेवटी, रेच आणि चोथा यांतील ज्या फरकाचा उल्लेख वर केला, तो खोका विकत घेताना कामी येतो. बाजारातील काही मिश्रणांत इसबगोलाबरोबर सोनामुखीही असते, आणि सोनामुखी हा आतड्याला उत्तेजित करणारा रेच आहे, जो महिनोन्महिने रोज स्वतःच्या मनाने घेण्याचा पदार्थ नव्हे. म्हणून वेष्टनावरील घटकांची बारीक अक्षरे फार्मसीच्या फळीपाशीच वाचून घ्यावीत, आणि वाचता येत नसतील तर दुकानदाराकडून वाचवून घ्यावीत.