हबलवर वेळ कसा मागायचा: नेपच्यूनपलीकडच्या जोड्यांसाठी अर्ज

नेपच्यूनपलीकडच्या भागात एकमेकांभोवती फिरणाऱ्या बर्फाळ पिंडांच्या शंभराहून अधिक जोड्या आज माहीत आहेत. जोडीची कक्षा कळली की केप्लरच्या तिसऱ्या नियमाने (परिभ्रमणकाळ, अंतर आणि वस्तुमान यांचे नाते) तिचे वस्तुमान निघते, आणि आकार ठाऊक असेल तर घनताही. टायफॉन-एकिड्ना ही जोडी सुमारे 19 दिवसांत एक फेरी पूर्ण करते. दोघांतले अंतर जेमतेम 1,600 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना विकलेच्या (अंशाच्या 3,600 व्या भागाच्या) आठव्या भागाच्या आसपास. जमिनीवरच्या साध्या दुर्बिणीत हवेच्या थरथरीमुळे दोन ठिपके एकच दिसतात. म्हणून हवेच्या वर, अवकाशात फिरणारी हबल दुर्बीण.

अर्ज कोणत्याही देशातला, कोणत्याही संस्थेतला संशोधक करू शकतो, अर्थात पुण्यातूनही. शुल्क नाही. मुख्य संशोधक विद्यार्थी असेल तर मार्गदर्शकाचे पत्र लागते. नासाचे अनुदान मात्र अमेरिकेतल्या संशोधकांनाच मिळते.

बाल्टिमोरची स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट वर्षातून एकदा अर्ज मागवते. ते ‘एपीटी’ या मोफत सॉफ्टवेअरमधून भरायचे. वेळ तासांत नाही, हबलच्या पृथ्वीप्रदक्षिणांत मागतात. एक प्रदक्षिणा साधारण 95 मिनिटांची. 35 पेक्षा कमी प्रदक्षिणांचा अर्ज लहान गटात जातो. जोडीच्या एका भेटीला, म्हणजे एका वेळच्या निरीक्षणाला, बहुधा एक प्रदक्षिणा पुरते.

सोबत वैज्ञानिक कारणे, निरीक्षणाचे वर्णन आणि विश्लेषणाची योजना जोडा. हीच निरीक्षणे आधी झाली आहेत का, ते हबलच्या संग्रहात तपासा. 2018 पासून परीक्षकांना अर्जदारांची नावे दिसत नाहीत. त्यामुळे ‘आमच्या मागील शोधात’ असे चुकूनही लिहू नका. गटाचा अनुभव वेगळ्या फाइलमध्ये द्यायचा असतो.

खरी मेहनत तारखांवर करा. कक्षेला सात अज्ञात राशी असतात आणि प्रत्येक भेटीतून दोनच आकडे (आकाशात एका पिंडाच्या तुलनेत दुसऱ्याचे स्थान) हाती येतात, म्हणजे किमान चार भेटी हव्यात. मी पाच मागायला सांगेन. पाचही तारखा आधीच ठरवू नका. समान अंतराच्या भेटी तर नकोतच, त्यांतून खोटा परिभ्रमणकाळ खरा वाटू शकतो. पहिल्या दोन-तीन भेटींशी जुळणाऱ्या हजारो शक्य कक्षा संगणकावर काढा आणि त्यांची भाकिते ज्या दिवशी सर्वाधिक विखुरलेली असतील, तो दिवस पुढच्या भेटीसाठी निवडा. त्या दिवशी दोन्ही पिंड एकमेकांना चिकटून तर दिसणार नाहीत ना, तेही पाहा. ही पद्धत अर्जातच स्पष्ट मांडा. मंजुरीनंतरच्या दुसऱ्या टप्प्यात नेमक्या तारखा भरता येतात. हबल सूर्याच्या फार जवळ वळवत नाहीत, त्यामुळे वर्षातले काही महिने आपोआप वगळले जातात.

एक अडचण तरीही उरते. एकाच हंगामातल्या भेटींतून कक्षेची दोन प्रतिबिंबे, म्हणजे आरशातल्यासारख्या उलट कललेल्या दोन शक्य कक्षा, निघतात आणि त्यांतले खरे कोणते ते कळत नाही. काही वर्षांत आपली पाहण्याची दिशा बदलली की ती वेगळी होतात. म्हणून शेवटची भेट पुढच्या एखाद्या वर्षीच्या वेळेतून हवी असेल, तर कारण देऊन ती याच अर्जात मागा.