‘डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता’: दोन सेकंदांच्या मर्यादेची पार्श्वभूमी

गेम रंगात आलेला असताना पडदा गोठतो, काळा पडतो आणि तीन-चार सेकंदांनी डेस्कटॉप परत दिसतो. गेम मात्र बंद झालेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम नोंदींत ‘डिस्प्ले’ या स्रोताखाली ४१०१ क्रमांक सापडतो आणि त्यात लिहिलेले असते की डिस्प्ले ड्रायव्हरने, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रॅमने, प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे. हे वाचून बहुतेक जण आधी ड्रायव्हर बदलतात, मग विंडोज फॉरमॅट मारतात. दोष एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, केबलीत असेल तर दोन्ही खटाटोप वाया जातात.

विंडोज एक्सपीच्या काळात ड्रायव्हरचा बहुतेक कारभार कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चाले. कार्डाने उत्तर दिले नाही की ड्रायव्हर वाट पाहत अडकून पडे आणि थेट निळा पडदा येई. ‘ईए’ हा स्टॉप कोड, अनंत चक्रात अडकल्याचा मजकूर आणि खाली एनव्ही४-डिस्पसारख्या फाइलचे नाव, हे तेव्हाचे नेहमीचे चित्र. ऑक्टोबर २००३मध्ये एका कार्ड कंपनीने कॅटलिस्ट ३.८ या ड्रायव्हरमध्ये ‘व्हीपीयू रिकव्हर’ आणले. अडकलेले कार्ड मशीन बंद न करता पुन्हा सुरू करण्याची ती सोय होती, पण ती त्या कंपनीच्या कार्डांपुरतीच राहिली.

खरी कलाटणी विंडोज व्हिस्टाने दिली. जानेवारी २००७मध्ये ती बाजारात आली तेव्हा ग्राफिक्सची मांडणीच नवी होती. ड्रायव्हरचे दोन भाग झाले, एक कर्नलमध्ये आणि एक बाहेर, आणि कार्डावर कोणाचे काम कधी चालवायचे हे विंडोजचा शेड्युलर ठरवू लागला. याच मांडणीत ‘टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी’, म्हणजे टीडीआर, आले. त्यामागचा विचार साधा होता. पडदा गोठला की माणूस काही सेकंद थांबतो आणि मग पॉवर बटण दाबतो. त्याच्या आधी यंत्रणेने स्वतःच कार्ड सावरले, तर निदान उघडी असलेली बाकीची कामे तरी वाचतील.

गोंधळ आहे तो दोन सेकंदांच्या अर्थाविषयी. ‘कार्डाला दोनपेक्षा जास्त सेकंद काम दिले की विंडोज त्याला मारते’ असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात एखादे काम ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त वेळ घेते आहे असे दिसले की शेड्युलर कार्डाला ते काम बाजूला ठेवायला सांगतो. ही विनंती कार्डाने किती वेळात पाळली पाहिजे, त्याची मर्यादा म्हणजे हे दोन सेकंद. घड्याळ लागते ते ‘थांब’ म्हटल्यानंतर. दोन सेकंदांत कार्ड थांबले नाही तर विंडोज ड्रायव्हरला रिसेटचा आदेश देते, व्हिडिओ मेमरीतले सगळे जाते आणि गेमला ‘डिव्हाइस रिमूव्हड’ किंवा ‘डिव्हाइस हंग’ असे उत्तर मिळते. ज्या गेमने या उत्तराची तयारी ठेवलेली नसते तो तिथेच बंद पडतो. असे एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा घडले, किंवा रिसेटच जमला नाही, तर मग ११६ क्रमांकाचा निळा पडदा येतो. पुढे विंडोज ८मध्ये सबंध कार्डाऐवजी त्यातले अडकलेले एकच एंजिन रिसेट करायची सोय झाली, त्यामुळे कित्येकदा पडदा नुसता लुकलुकून सावरतो.

म्हणजे टीडीआर हा पहारेकरी आहे. त्याने हाक मारली, आतून ओ आली नाही, एवढीच बातमी तो देतो. आत माणूस झोपला आहे, बेशुद्ध आहे की घराची वीज गेली आहे, हे त्याला कळत नाही. तरीही संदेशात नाव आले ते ड्रायव्हरचे, कारण विंडोजचा सगळा व्यवहार ड्रायव्हरमार्फत होतो. ही शब्दयोजना चुकीची होती असेच म्हणावे लागते. ‘कार्डाने उत्तर दिले नाही’ एवढे लिहिले असते तरी लोकांची अनेक वर्षांची धावपळ कमी झाली असती.

हेही मान्य केले पाहिजे की २००७मध्ये ड्रायव्हरवरचा संशय अगदी खरा होता. पुढे एका खटल्यात उघड झालेल्या अंतर्गत पत्रव्यवहारात त्या वर्षी नोंदलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एकाच ग्राफिक्स कंपनीच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. नवी मांडणी, घाईत लिहिलेले ड्रायव्हर आणि नवा संदेश, तिन्ही एकदमच आले. ‘आधी ड्रायव्हर बदला’ हा सल्ला तेव्हा रुजला. ड्रायव्हर सुधारले तरी सल्ला तसाच राहिला.

त्याच काळातला दुसरा सल्ला म्हणजे रजिस्ट्रीत, विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, ‘टीडीआर-डिले’ ही दोन सेकंदांची मर्यादा वाढवणे. करंट कंट्रोल सेटमध्ये कंट्रोल, त्यात ग्राफिक्स ड्रायव्हर्स, तिथे ३२ बिटांची डीवर्ड नोंद करून दोनाच्या जागी ८, १० किंवा ६० लिहायचे. यावरून आजही वाद होतात. थ्रीडी टेक्स्चर बेक करणारे, लांब रेंडर लावणारे किंवा कार्डावर गणिते चालवणारे जे आहेत, त्यांच्यासाठी ही नोंद योग्यच आहे. त्यांचे एकेक काम अखंड आणि खरोखरच मोठे असते, आणि मधेच थांबणे कार्डाला जमत नाही. अशांनी ६० ठेवावे, ‘टीडीआर-डीडीआय-डिले’ हेही ६० करावे (मुळात ते ५ असते) आणि आकडा लिहिण्यापूर्वी ‘डेसिमल’ निवडावे. हेक्स (सोळाच्या पटीतली मोजणी) राहिले तर ६०चे ९६ होतात. नंतर मशीन रीस्टार्ट करावे. गेमची गोष्ट वेगळी. तिथे एक फ्रेम सेकंदाच्या साठाव्या भागात तयार होते. ज्या कार्डाने दोन सेकंद ओ दिली नाही ते दहा सेकंदांनीही देत नाही. पडदा फक्त जास्त वेळ गोठलेला राहतो. ‘टीडीआर-लेव्हल’ शून्य करून पहारेकरीच काढून टाकणे हे त्याहून वाईट. मग सावरायला कोणीच उरत नाही आणि पॉवर बटण दाबावेच लागते.

दरम्यान कार्डाची भूक वाढत गेली आणि क्रॅशचे मूळ सॉफ्टवेअरमधून तारांकडे सरकले. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. हा हिशेब कागदावर सरासरीचा असतो. सप्टेंबर २०२०मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० या कार्डाचा अधिकृत आकडा ३२० वॅट होता, पण काही मिलिसेकंदांपुरती विजेची उसळी त्याच्या बरीच वर जाई. आपल्याकडे असेंबल केलेल्या पीसीत एसएमपीएसवर सर्वांत शेवटी खर्च होतो. एकाच केबलीला दोन आठ-पिनी तोंडे असली की दोन्ही कार्डाला लावली जातात. मग सगळा भार त्या एका केबलीतल्या १२ व्होल्टच्या तीन तारांवर येतो, उसळीच्या वेळी व्होल्टेज खचते आणि कार्ड गप्प होते. नोंद मात्र तीच: ड्रायव्हर थांबला होता. १२ व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे भाराखाली ते ११.४च्या खाली जाता कामा नये. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सहन करावी, अशी अट घातली. अडचण खरी होती, याची ती कबुलीच.

३०८०च्या पहिल्या दहा दिवसांत आणखी एक वाद पेटला. काही कार्डे घड्याळगती २ गिगाहर्ट्झच्या आसपास पोचली की कोसळत. कार्डाच्या पाठीमागचे कपॅसिटर कोणते, मोठ्या ठोकळ्यांसारखे की बारीक सिरॅमिकचे, यावर रान उठले. २८ सप्टेंबरला ४५६.५५ हा ड्रायव्हर आला, त्याने कार्डाचे बूस्ट (गतीची आपोआप वाढ) जरा संयमाने चालवले आणि बहुतेक तक्रारी थांबल्या. यातून घरच्या वापरासाठी एक चांगली चाचणी मिळाली. कार्डाची गती बदलणाऱ्या आफ्टरबर्नरसारख्या साधनात कोअर क्लॉक ५० ते १०० मेगाहर्ट्झने खाली आणायचा आणि तोच गेम तासभर चालवायचा. क्रॅश थांबला तर कार्ड त्या गतीला टिकत नाही किंवा वीज कमी पडते. ड्रायव्हर शोधत बसायची गरज उरत नाही.

२०२२च्या अखेरीला सोळा पिनांची नवी जोडणी आली. तिच्यातून ४५० वॅट घेतले तर १२ व्होल्टवर ३७.५ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्ट आणणाऱ्या सहा पिनांवर प्रत्येकी जेमतेम सव्वासहा. प्लग मिलिमीटरभर बाहेर राहिला आणि दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चौघींवर प्रत्येकी नऊपेक्षा जास्त येतात, आणि प्लास्टिक वितळते. २०२३मधल्या सुधारित आवृत्तीत सेन्स पिना (प्लग बसला का हे कार्डाला कळवणाऱ्या) आखूड केल्या, म्हणजे प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्डाला पुरती वीज मागताच येत नाही. लक्षणांमधला फरक इथे कामाला येतो. पडदा काळा होऊन डेस्कटॉप परत येतो ते टीडीआर. पडदा काळाच राहतो आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावतात, तेव्हा आधी प्लग पाहावा. मशीनच झटक्यात बंद होते, कर्नल-पॉवर ४१ची नोंद मिळते आणि तिच्यात बगचेक कोड (निळ्या पडद्याचा क्रमांक) शून्य असतो, तेव्हा बहुधा एसएमपीएसने स्वतःला वाचवलेले असते.

२०२२मध्येच १५ सप्टेंबरला इथेरियम या कूटचलनाचे मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणिते चालवून ते चलन मिळवणे, संपले आणि वर्षानुवर्षे अखंड राबलेली कार्डे स्वस्तात बाजारात आली. त्यांची चिप बहुधा शाबूत असते. वाळतात ते मेमरीवरचे थर्मल पॅड. म्हणून नुसते जीपीयूचे तापमान पाहून भागत नाही, हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि मेमरीचे आकडेही पाहावे लागतात. खोली २५ अंशांवरून ४०वर गेली की तेच पंखे आणि तोच भार असताना कार्डही साधारण तेवढेच अंश वर चढते. नागपूर-चंद्रपूरकडे डिसेंबरात बिनतक्रार चाललेले कार्ड मे महिन्यात कोसळते, ते यामुळे.

संदेशावर विसंबू नये याचा सर्वांत मोठा धडा २०२४ने दिला. नवे गेम सुरू होताना, शेडर (कार्डावर चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतानाच ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडत. कार्डात मेमरी भरपूर मोकळी असे. लोकांनी कार्डे बदलली, परत केली. दोष निघाला इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या कोअर प्रोसेसरांत: जास्त व्होल्टेजने ते हळूहळू झिजत होते आणि शेडरचा डेटा उलगडताना चुका करत होते. ऑगस्ट २०२४मध्ये बायोसमार्फत मायक्रोकोडची दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण झिजलेला प्रोसेसर दुरुस्त होत नाही. ओळखायची खूण अशी: प्रोसेसरच्या परफॉर्मन्स कोअरच्या गतीचा गुणक ५३वर आणल्यावर तोच गेम सुरळीत सुरू झाला, तर कार्ड निर्दोष आहे.

या सगळ्यामुळे तपासाचा क्रम उलटा झाला आहे, आणि तो तसाच असायला हवा. आधी केबली: दोन जोडण्यांना दोन स्वतंत्र केबली, आणि सोळा-पिनी प्लगपासून सुमारे ३५ मिलिमीटर तरी तार सरळ. मग बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी (रॅम जादा गतीने चालवणारे सेटिंग) बंद करून एक दिवस वापर, कारण रॅमची चूकही याच वेषात येते. रॅम आणि कार्ड काढून पट्ट्या खोडरबराने घासण्याची आपल्याकडची रीत सोडून द्यावी. रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा मुलामा घासला जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरते. त्यानंतर तापमान, त्यानंतर क्लॉक खाली आणून पाहणे. ड्रायव्हरची पाळी यानंतर: इंटरनेट काढून, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने जुना पूर्ण पुसायचा आणि मग नवा टाकायचा. इंटरनेट राहिले तर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवते.

अर्थात ड्रायव्हर कायमचा सुटला असेही नाही. २०२५च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेबरोबर ५७२ क्रमांकाचे ड्रायव्हर आले आणि काळ्या पडद्याच्या तक्रारी पुन्हा उसळल्या. एकामागून एक हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्त्या) येत राहिले आणि ४० मालिकेचे अनेक जण डिसेंबर २०२४च्या ५६६.३६वर परत गेले. त्यांना ते जमले, कारण तो ड्रायव्हर त्यांच्या कार्डांना चालत होता. ५० मालिकावाल्यांकडे मागे जायला ड्रायव्हरच नव्हता.