बोगद्यातील दिव्यांची वीजबचत : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे कुळेकडे घाट उतरताना लागणारे रेल्वेचे बोगदे आपल्या भागातील प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. गाडी स्वतःच्या हेडलाइटवर धावते. बोगद्यातील दिवे मुख्यतः रूळ तपासणाऱ्या कीमनला, दुरुस्तीच्या गँगला आणि गाडी मध्येच थांबल्यास प्रवाशांना उपयोगी पडतात. तरीही ते चोवीस तास पूर्ण प्रकाशाने जळत ठेवले, तर त्यातील बरीचशी वीज रिकाम्या बोगद्यात खर्च होते.

साधा हिशेब पाहा. 40 वॅटचे 100 दिवे चोवीस तास जळाल्यास 96 युनिट वीज लागते. तेच दिवे 4 तास पूर्ण आणि उरलेले 20 तास दहा टक्के वीज घेऊन मंद ठेवल्यास 24 युनिट पुरतात. माणसाची चाहूल ओळखणारा सेन्सर आणि त्यानुसार दिवे मंद-प्रखर करणारा कंट्रोलर यांची वीज यात धरलेली नाही. ती कोटेशनमध्ये वेगळी दाखवली जाते.

बोगद्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात सेन्सर बसवला जातो, आणि माणूस एका टप्प्यात असतानाच पुढच्या टप्प्यातील दिवे प्रखर होतात. वळणाच्या बोगद्यात सेन्सरची नजर पलीकडे पोहोचत नसल्यामुळे तेथे टप्पे आखूड ठेवावे लागतात. तोंडाजवळची व्यवस्था मात्र निराळी असते. भर उन्हातून आत शिरणाऱ्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून तेथे दिवसा अधिक आणि रात्री कमी प्रकाश हवा. त्यासाठी बाहेरचा उजेड मोजणारा वेगळा सेन्सर असतो. ट्यूबलाइट वारंवार चालू-बंद केल्यास लवकर जातात, त्यामुळे ही योजना एलईडी दिव्यांवरच करावी.

बचतीपेक्षा आम्ही एका नियमाला अधिक महत्त्व देतो : सेन्सर बिघडला, केबल तुटली किंवा कंट्रोलर बंद पडला, तर त्या टप्प्यातील दिवे आपोआप पूर्ण प्रखर झालेच पाहिजेत. आपत्कालीन दिव्यांची बॅटरीवरील लाइन स्वतंत्र राहते आणि तिला ऑटोमेशन जोडले जात नाही. हाताने चालवायचे स्विच दोन्ही तोंडांशी आणि आत ठरावीक अंतरावर असतात, आणि त्यांवरील सूचना कन्नड, मराठी व हिंदीत लिहिलेल्या असतात, कारण गँगमध्ये तिन्ही भाषा बोलणारी माणसे असतात.

घाटातील पावसाळा आणि कातळातून झिरपणारे पाणी हे या यंत्रणेचे खरे शत्रू आहेत. सेन्सर व कंट्रोलर ठेवण्यासाठी स्वस्त पेटी घेऊन पैसे वाचवू नयेत. पाणी व धूळ रोखणारी पेटीच घ्यावी, आणि सेन्सरच्या काचेवरील काजळी पावसाळ्यापूर्वी व नंतर पुसून घ्यावी.