शाहूपुरी ते साखळी दुकानं : कोल्हापूरच्या बाजाराची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एखाद्या साखळी दुकानाची नवी शाखा निघणार म्हटलं, की चर्चा लगेच ‘मोठे विरुद्ध छोटे’ अशी सुरू होते. या शहराचा बाजार कसा वाढला ते पाहिलं, तर वादाचं मूळ वेगळंच दिसतं. मोठं दुकान कोल्हापूरकरांना परकं कधीच नव्हतं. बदलली ती त्याची मालकी आणि जागा.

१८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्याची सूत्रं हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी स्टेशनच्या अंगाला शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. इथला गूळ बाहेर जाण्यासाठी हक्काची पेठ हवी होती. गुऱ्हाळावरून आलेला तीसेक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, अडत्याच्या, म्हणजे दलालाच्या दारात उतरायचा. रंग आणि कण बघून तिथंच त्याची बोली लागायची. शेतकरी, हमाल, तोलाईदार, अडत्या असा एकाच रव्यावर चौघांचा संसार चालायचा, आणि त्यातला बराचसा पैसा परत याच पेठांमध्ये खर्च व्हायचा.

मोठ्या दुकानाची कल्पना इथं रुजवली ती सहकारानं. १९३९ मध्ये शेतकरी सहकारी संघ निघाला. खतापासून किराण्यापर्यंत सगळं रास्त दरात देणारा संघ हा दोन पिढ्यांचा भरवसा होता. पुढं सत्तरच्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं वारणानगरात वारणा बाजार उभा राहिला. खेडेगावातल्या माणसाला एका छताखाली सगळा बाजार करता यावा, हे तिथं मॉल हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी घडलं. नफा झाला तरी त्याचे मालक सभासदच, ही त्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट.

खाजगी साखळ्यांना वाट मोकळी झाली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ विक्रीत, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल विकणाऱ्या दुकानांत, ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली, पण ती मुख्यतः दहा लाखांवरच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास असलेलं कोल्हापूर त्यात बसत नव्हतं. देशी कंपन्यांना मात्र ही अट नव्हती. २००२ मध्ये पवईत सुरू झालेल्या डी-मार्टनं भाड्यापेक्षा स्वतःच्या जागेवर भर दिला. भाडं वाचलं की माल स्वस्त विकता येतो. कोल्हापुरात २०११ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली, व्यापारी रस्त्यावर उतरले. २०१५ मध्ये ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांची त्यातून सुटका झाली. २०१७ च्या जीएसटीनंतर ही सगळी वेगळेपणं संपली आणि लांबच्या गोदामातून थेट माल आणणं सोपं झालं. त्याच वर्षीच्या नव्या दुकान कायद्यानं वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली. दहा माणसं पाळीनं लावणाऱ्याला ती लाभली. नवरा-बायकोनं चालवलेल्या दुकानाला तिचा काय उपयोग?

याच काळात पर्यटन वाढलं. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस महाद्वार रोडला फिरतो, गुजरीत, म्हणजे सराफ गल्लीत, कोल्हापुरी साज हा दागिना बघतो, चप्पल लाईनीतून २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेली कोल्हापुरी घेतो. महिन्याचं वाणसामान तो घेत नाही. ते घेणारा पेठेतला माणूस सुट्टीच्या दिवशी या गर्दीत गाडी काढायलाही धजत नाही. पार्किंग असलेलं दालन गाठतो. त्यामुळं झळ बसते ती वहीवर उधारी लिहून घेणाऱ्या गल्लीतल्या किराणा दुकानाला.

१९७२ मध्ये महापालिका झाली, पण हद्दवाढ पुढं दशकानुदशकं रखडली. जुन्या पेठांमध्ये वाहनतळाला जागा काढणं हे त्याहूनही मागं पडलं. नव्या शाखेला विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांनी महापालिकेकडे आधी हीच मागणी लावून धरावी, असं मला कळकळीनं वाटतं.