बिस्टर विमानतळ

बिस्टर विमानतळ : इंग्लंडच्या ऑक्सफर्डशर परगण्यातील ब्रिटिश हवाई दलाचा जुना गवती विमानतळ. बिस्टर शहराच्या ईशान्य कडेला, कॅव्हर्सफील्ड गावालगत. बकिंगहॅमकडे जाणाऱ्या रस्त्याने त्याचे दोन भाग केले आहेत : पूर्वेस हँगर, कार्यशाळा व मैदान, पश्चिमेस निवासी वसाहत. दुसऱ्या महायुद्धात हलक्या बाँबफेकी विमानांच्या वैमानिकांचे व सहकाऱ्यांचे अंतिम प्रशिक्षण येथे होई. काँक्रीटची धावपट्टी येथे कधीच बांधली गेली नाही.

स्थापनेच्या वर्षाबाबत एकवाक्यता नाही. काही नोंदी १९१६, तर काही १९१७ हे वर्ष देतात. हा फरक बहुधा जमीन ताब्यात घेणे, बांधकाम आणि प्रत्यक्ष उड्डाण यांपैकी आरंभ कशास मानावा यातून पडलेला आहे. तुकड्यांच्या हालचालींचा भक्कम आधार मात्र १९१८ चाच मिळतो. त्यामुळे कार्यरत तळ म्हणून ते वर्ष धरणे अधिक सुरक्षित. त्या वर्षी ४४ क्रमांकाचे प्रशिक्षण केंद्र येथे होते. अशा केंद्रात प्राथमिक शिक्षणापासून लढाऊ विमानापर्यंतचा सारा अभ्यासक्रम एकाच ठिकाणी पुरा केला जाई. त्यांचा ठरीव आराखडा म्हणजे लाकडी बेलफास्ट कैच्यांच्या (छपराला आधार देणाऱ्या कमानदार सांगाड्यांच्या) छपराची तीन जोडशेड आणि दुरुस्तीचे एक सुटे शेड. १९२० मध्ये तळ बंद झाला व बहुतेक बांधकाम पाडले गेले. आजच्या वास्तूंचा त्या पहिल्या तळाशी संबंध जागेपुरताच आहे.

दुसरा तळ १९२३ च्या ५२ स्क्वॉड्रनांच्या गृहसंरक्षण योजनेतून उभा राहिला व १९२८ मध्ये सुरू झाला. पहाऱ्याच्या इमारतीपासून तीन रस्ते त्रिशूळासारखे फाकतात. इमारती मुद्दाम विखुरलेल्या आहेत, म्हणजे एका बाँबने शेजारच्या दोन निकामी होऊ नयेत. त्या काळची ए प्रकारची दोन हँगर सुमारे ३७ मी. रुंद व ७६ मी. लांब आहेत. १९३६-३७ च्या विस्तारात आलेल्या सी प्रकारच्या हँगरांचा गाळा सुमारे ४६ मी. रुंद आणि दारांची उंची १०.७ मी. आहे. दुपंखी विमानांचा जमाना संपत असल्याची कल्पना या दोन मापांवरूनच येते. याच तळावरील १०१ व्या स्क्वॉड्रनला १९३५ मध्ये ओव्हरस्ट्रँड मिळाले. यंत्रशक्तीने फिरणारा बंदिस्त तोफबुरूज असलेले हवाई दलाचे ते पहिले विमान.

गवती मैदानाचा मुख्य लाभ दिशेचा. वारा कोठूनही असो, तोंड त्याच्याकडे करून उतरता येई. नियंत्रण मनोऱ्यापुढच्या चौकोनात मांडलेल्या, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या पांढऱ्या खुणेने ही दिशा दाखवली जाई. रात्री मात्र हीच सोय अडचणीची ठरे. लांब तोटीचे रॉकेलचे दिवे हातांनी ओळीने मांडावे लागत, आणि वारा फिरला की ती ओळ उचलून नव्याने लावावी लागे. दुसरी अडचण चिखलाची. चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या की पुढच्या विमानाचे चाक त्यात अडकून ते एका बाजूस वळे. बिस्टरच्या मातीखाली चुनखडीचा पातळ थरांचा खडक असल्याने पाणी लवकर निचरे. सुमारे ६.५ टनांचे भरलेले ब्लेनहाइम हे हलके बाँबफेकी विमान अशा जमिनीवर चाले. सुमारे १३ टनांच्या वेलिंग्टन या अधिक जड बाँबफेकी विमानाच्या मुख्य तळांना काँक्रीट लागू लागले. १९४२ पासूनच्या प्रमाण बाँबफेकी तळांना तीन धावपट्ट्या असत, मुख्य पट्टी सुमारे १,८३० मी. बिस्टरला युद्धकाळात फक्त मैदानाभोवतीचा पक्का मार्ग आणि विमाने विखरून उभी करण्याच्या पक्क्या जागा मिळाल्या. या मार्गामुळे तळाला ‘गवती’ म्हणू नये, असा आक्षेप क्वचित घेतला जातो. उड्डाण व अवतरण गवतावरच होत असल्याने तो फारसा टिकत नाही.

ब्रिटनच्या हॅलिफॅक्स या मोठ्या चार एंजिनी बाँबफेकी विमानाचा पहिला नमुना (एल ७२४४) येथूनच २५ ऑक्टोबर १९३९ रोजी मेजर जेम्स कॉर्ड्‌स यांनी उडवला. हँडली पेज कंपनीचे रॅडलेट येथील मैदान त्यास अपुरे मानले गेले; सुटे भाग रस्त्याने आणून बिस्टरच्या हँगरात जोडण्यात आले.

८ एप्रिल १९४० रोजी १०४ व १०८ या स्क्वॉड्रनांतून १३ वे कार्यात्मक प्रशिक्षण पथक तयार झाले. आधी स्वतंत्रपणे शिकलेले वैमानिक, निरीक्षक आणि बिनतारी संदेशक-तोफची येथे प्रथम एका ब्लेनहाइममध्ये एकत्र बसत. या विमानाची एक खोड कुप्रसिद्ध होती. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलण्याचे दट्टे आणि एंजिनाचे इंधन तोडण्याचे दट्टे वैमानिकाच्या पाठीमागे, जवळजवळ होते. ते न पाहता चाचपून ओळखावे लागत. उड्डाणानंतर लगेच, अंधारात, चुकीचा दट्टा ओढला गेला तर पुरेशी उंची नसताना एंजिन बंद पडे. कॅव्हर्सफील्डच्या सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात त्या काळातील हवाई दलाच्या लोकांच्या कबरी आहेत. पथकाकडे पुढे बोस्टन व मिचेल विमाने आली. १९४४ मध्ये ते हार्वेलला गेले.

युद्धोत्तर काळ दुरुस्ती व साठवणुकीच्या तुकड्यांचा. १९६३ ते २००४ हवाई दलाच्या ग्लायडिंग संघटनेचे केंद्र येथे होते, आणि ग्लायडरांना गवतच हवे असल्याने मैदान नांगरले गेले नाही. २००२ मध्ये तळ संवर्धनक्षेत्र झाला. बाँबकोठारे आणि संरक्षणव्यवस्था यांना प्राचीन स्मारकांच्या यादीतील संरक्षण आहे. त्यात छत्रीसारख्या घुमटाचे, सभोवार मारा करता येणारे गोल पिलबॉक्स (गोळीबारासाठीची छोटी पक्की ठाणी) आणि पसरलेल्या पंखांच्या आकाराचे ‘सीगल’ खंदक येतात. अनेक इमारती वारसायादीत आहेत : पॅराशूट कोठी, मोटारशेड, दिवाखोली, वीजघर व किल्लेवजा नियंत्रण मनोरा. १९३९ पूर्वीच्या बाँबफेकी तळाची रचना ब्रिटनमध्ये इतकी पूर्ण इतरत्र उरलेली नाही, असे वारसातज्ज्ञांचे मत आहे. २०१३ पासून तांत्रिक भाग खाजगी मालकीत असून तेथे जुन्या मोटारींच्या दुरुस्तीच्या कार्यशाळा चालतात. वेस्टन-ऑन-द-ग्रीन हा त्याचा युद्धकालीन पूरक तळही गवतीच राहिला असून पुढे तो पॅराशूट-उड्यांसाठी वापरला गेला.